अवघड जागेचे दुखणे

मराठीच्या अध्यापकाला वर्गात हशा पिकवण्याची संधी फार थोड्या वेळा मिळते. ज्या मिळतात त्यांतली एक म्हणजे म्हणींचा तास. आणि त्या तासातली हुकमी म्हण म्हणजे 'अवघड जागेचे दुखणे आणि जावई डॉक्टर'. शेगावात गेली वीस-बावीस वर्षे मी ही म्हण शिकवीत आलो आहे. फळ्यावर लिहावी, क्षणभर थांबावे, मागच्या बाकांवरून खसखस ऐकू आली की गंभीर चेहऱ्याने म्हणावे, "सांगताही येत नाही आणि सोसवतही नाही अशी स्थिती, हा अर्थ लिहून घ्या." मुले अर्थ लिहून घेत. मुली माना खाली घालून लिहून घेत. दोन मार्कांच्या या प्रश्नात माझा एकही विद्यार्थी कधी चुकला असेल असे मला वाटत नाही. चुकलो तो मीच. आणि तेही वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी.

2024 च्या उन्हाळ्यातली गोष्ट. वऱ्हाडातला वैशाख ज्यांनी भोगला नाही, त्यांना तो सांगून कळायचा नाही. पारा पंचेचाळिसाच्या आसपास, दारे-खिडक्या बंद, कूलर घरघरतो आहे आणि मी रेक्झिनच्या खुर्चीवर बसून उत्तरपत्रिकांचे गठ्ठे उपसतो आहे, असा तो महिना. अंगावर कपडे कसले, तर कृत्रिम धाग्याचे! कापसाच्या बाजारासाठी एके काळी लांबवर नाव असलेले खामगाव आमच्या शेजारी. पण कापसाच्या मुलखात राहून आम्ही घालतो पॉलिएस्टर. का, तर त्याला इस्त्री लागत नाही. अशाच एका संध्याकाळी, कुणाचे तरी रसग्रहण तपासत असताना, माझ्या उजव्या जांघेत खाज सुटली.

खाज ही वस्तू पहिल्या दिवशी मोठी गोड असते. कानात काडी फिरवणे आणि खाजवणे ही गरिबाची दोन फुकटची सुखे. पण आठ दिवसांत माझ्या ध्यानात आले, की आता मी खाजवीत नसून खाजच मला खाजवायला लावीत आहे. दिवसा वर्गात कसेबसे निभावे. रात्री अंथरुणाला पाठ लागली की ती जागी होई.

प्रथम मी स्वच्छतेचा मार्ग धरला. पूर्णेच्या खोऱ्यातला आमचा हा भाग खारपाणपट्ट्याचा. अकोला, अमरावती आणि बुलढाणा अशा तीन जिल्ह्यांतून तो पसरला आहे. आमच्या घरच्या बोअरच्या जड पाण्यात साबणाला फेस येत नाही. म्हणून माणूस तो आणखी घासतो, आणि घासलेला साबण नीट धुऊनही निघत नाही. मी दिवसातून तीनदा तिथे साबण लावू लागलो. त्यावर पाण्यात जंतुनाशकाचे दोन झाकण. त्यावर सुवासिक पावडर. एका मित्राने 'सर्वसाधारण खाजेवर' म्हणून लिंबू सुचवले, तेही केले. लिंबू लावल्यानंतरच्या पाच मिनिटांचे वर्णन करण्यास मराठी भाषा समर्थ आहे. पण दिवाळी अंक घरातली मुलेही वाचतात.

मग मला कढत पाण्याचा शोध लागला. खाजेवर कढत पाण्याचा तांब्या ओतला की जे सुख होते त्याला तोड नाही; मात्र दुसऱ्या तासाला खाज दुपटीने परत येते. फ्रेंच राज्यक्रांतीतला ज्यां-पॉल मारा अशाच एका कातडीच्या विकाराने हैराण होऊन तासन्‌तास पाण्याच्या टबात बसून असे, तिथेच लिहीत असे, आणि 13 जुलै 1793 रोजी त्याचा खूनही त्या टबातच झाला, हे मी पूर्वी वाचले होते. आता मला त्याच्याविषयी विलक्षण आपुलकी वाटू लागली. फरक एवढाच, की तो तिथून राज्यक्रांती चालवी आणि मला बाहेरून हाक येई, "अहो, झालं का? नऊ वाजले!"

या सगळ्यात डॉक्टरकडे जाण्याचा विचार मला सुचला नाही असे नाही. पण जाऊन सांगायचे काय? दाखवायचे काय? शिवाय आगगाडीतून जाताना रुळांच्या कडेच्या भिंतींवर मोठमोठ्या अक्षरांत 'गुप्तरोग, हमखास इलाज' असे रंगवलेले आपण सर्वांनी वाचलेले असते. त्या भिंतींनी आपल्या मनात एक गणित पक्के करून ठेवले आहे: कमरेखालचे दुखणे म्हणजे गुप्तरोग, आणि गुप्तरोग म्हणजे वाईट चाल. कोपराला इसब झाला तर तो इसब. तोच चार वीत खाली झाला की चारित्र्याचा प्रश्न!

तेव्हा मी मध्यमवर्गीय माणूस जे करतो तेच केले. ओळखीचे औषधांचे दुकान टाळून लांबच्या दुकानात गेलो, तिथल्या बायका जाईपर्यंत खोकल्याच्या गोळ्या न्याहाळीत उभा राहिलो, आणि मग दुकानदाराच्या कानाशी तोंड नेऊन सांगितले. तो भला माणूस मोठ्याने म्हणाला, "जांघेत ना? हे घेऊन जा सर. सारं गाव हेच नेते. दोन दिवसांत साफ!"

आणि खरोखर दोन दिवसांत साफ झाले. ती ट्यूब मला संजीवनीसारखी वाटली. पण आठ दिवसांनी खाज परतली. पुन्हा ट्यूब, पुन्हा आराम. मग आठ दिवसांचे चार झाले, चाराचे दोन झाले, आणि पावसाळा संपेपर्यंत अशी वेळ आली, की एक रात्र ट्यूब चुकली तर कातडी निखाऱ्यासारखी पेटे. ही ट्यूब मी दाते-कर्व्यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाच्या खंडांमागे ठेवीत असे. कारण त्या कपाटाला घरात दुसरे कोणी हात लावीत नाही, अशी माझी दुःखद खात्री होती. दिवाळीच्या सुमारास मात्र आमचे चिरंजीव त्या कपाटापाशी घुटमळताना मला एक-दोनदा दिसले. तो तेव्हा अकरावीत होता. शास्त्र शाखेचा मुलगा, पण रक्तातली भाषा कुठे जाते, असे वाटून मला मनातल्या मनात बरे वाटले. त्याने कबड्डी सोडल्याचा रागही मी त्यापायी थोडा विसरलो. शाळेत असल्यापासून तो संघात होता. ऑक्टोबरात त्याने अचानक जाणे बंद केले. मी चार शब्द ऐकवले. 'आळशी' हा त्यांतला सौम्य शब्द.

त्या दिवाळीत अभ्यंगस्नानाला हिने चोळून उटणे लावले आणि उरलेले मी हट्टाने स्वतः सर्वत्र लावले. आयुर्वेदिक आहे, अपाय कसला? फराळाचे ताट पुढे घेऊन मी त्या दिवशी उभ्यानेच चकल्या खाल्ल्या. हिने विचारले, "बसत का नाही?" मी म्हणालो, "दिवाळीचा उत्साह!" रात्री खाजवण्याबद्दल तिने विचारले तेव्हा मी डासांचे नाव घेतले होते. दुसऱ्याच दिवशी तिने नवी मच्छरदाणी आणली. त्या मच्छरदाणीत, एकही डास नसताना, मी पुढचे तीन महिने खाजवीत होतो.

2024 चा डिसेंबर संपता संपता आमच्या तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांतून लोकांचे केस गळत असल्याच्या बातम्या आल्या. आधी डोके खाजे, मग केस मुठीने हातात येत आणि चार दिवसांत टक्कल पडे. जानेवारीत सारा देश शेगाव तालुक्याकडे पाहू लागला. वार्ताहर आले, पाण्याचे नमुने गेले, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे पथक आले. पुढे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी नमुने तपासून रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवले. या गावांशी सोयरीक नको म्हणणारेही तेवढ्यात निघाले. आमच्या महाविद्यालयाने त्या निमित्ताने एक व्याख्यान ठेवले आणि वक्ता म्हणून मला उभे केले. विषय: 'रोग आणि लोकलज्जा'. मी चाळीस मिनिटे बोललो. रोग लपवणे हाच मोठा रोग होय, या माझ्या वाक्याला टाळ्या पडल्या. त्या चाळीस मिनिटांत माझा डावा हात व्यासपीठाच्या मेजावर होता आणि उजवा सबंध वेळ पँटच्या खिशात होता, हे फक्त मला ठाऊक. दुसऱ्या रांगेत माझा मुलगा बसला होता. त्यालाही ते ठाऊक असेल हे माझ्या डोक्यात आले नाही.

फेब्रुवारीतल्या एका रात्री कातडी फुटली. सकाळी मी चादर गुपचूप गोळा करून न्हाणीकडे निघालो, तर ही दारात उभी. तिने चादर माझ्या हातातून घेतली. म्हणाली, "अहो, चादर मी धुते. तुम्ही उद्या रजा टाका." एवढेच. बावीस वर्षांच्या संसारात इतके थोडे शब्द आणि इतका अर्थ मला कधी सापडला नव्हता.

शेगावात नको म्हणून अकोल्याला निघालो. महाविद्यालयात मावशी आजारी असल्याचे सांगितले. पारसच्या वीजकेंद्राची धुराडी मागे पडली तेव्हा परत फिरावेसे वाटले. पण गाडी फिरत नाही. त्वचारोगतज्ज्ञाच्या दवाखान्यात पाहतो तर आमच्याच गावचे एक सेवानिवृत्त गृहस्थ कोपऱ्यात वर्तमानपत्राआड बसलेले. म्हणाले, "मी आपला एकाला सोबत म्हणून आलो." सोबत कोण, ते मी विचारले नाही. मी कशाला आलो, ते त्यांनी विचारले नाही. सभ्यपणा म्हणतात तो हाच.

नंबर आला. आत गेलो. खुर्चीतल्या डॉक्टरबाई एकदम उठून उभ्या राहिल्या. "या सर! ओळखलं नाहीत? बारावी सायन्सला होते मी तुमच्याकडे. तुमचा म्हणींचा तास अजून आठवतो."

जावई परवडला असता!

"अगं... म्हणजे, अहो डॉक्टर," मी म्हणालो, "पायाला थोडी खाज आहे."

"पायाला कुठं?"

"वरच्या बाजूला."

"किती वर, सर?"

मी भिंतीवरच्या चित्राकडे पाहू लागलो. तिने लेखणी खाली ठेवली. "सर, तुम्ही मला मराठी शिकवलंत. आता शब्द वापरा. शब्द चुकला तर औषध चुकतं. आणि माझ्यासमोर नको वाटत असेल तर शेजारी माझे सहकारी आहेत, त्यांना बोलावते."

आणि मी शब्द वापरले. जांघेत. अंडकोषावर. दहा महिन्यांपासून. रात्री जास्त. ते उच्चारल्यावर छत कोसळले नाही. पंखा फिरत होता तसाच फिरत राहिला. तिने दिवा घेऊन पाहिले, कातडीवरचा थोडा कोंडा पात्याने खरवडला, काचेवर घेऊन त्यावर पोटॅशचा थेंब टाकला आणि थोड्या वेळाने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. बुरशीचे तंतू दिसले तर तो नायटा. माझ्या काचेवर ते नव्हते. "हा नायटा नाही सर, हा इसब आहे," ती म्हणाली. "कोणाचा घेतलेला नाही, कोणाला लागणारही नाही. आणि ट्यूब दाखवा."

ट्यूब मी आणली नव्हती. पण तिचे नाव सांगताच तिने मान हलवली. त्या एका नळीत तीन-चार औषधे कोंबलेली होती: एक बुरशीचे, एक जंतूंचे, आणि क्लोबेटासोल नावाचे अतिशय जबर स्टेरॉइड. खाज थांबे ती या शेवटच्यामुळे. स्टेरॉइड काही विष नव्हे, हे तिने बजावून सांगितले. 1952 मध्ये सुल्झबर्गर आणि विटन या अमेरिकन डॉक्टरांनी हायड्रोकॉर्टिसोन पहिल्याने कातडीवर लावून दाखवले, तेव्हा इसबाच्या रोग्यांना मोठा दिलासा मिळाला. प्रश्न जागेचा असतो. 1967 मध्ये फेल्डमन आणि मायबाख यांनी मोजून दाखवले, की कोपराखालच्या हातावर लावलेले हायड्रोकॉर्टिसोन जेवढे शरीरात मुरते, त्याच्या सुमारे 42 पट ते अंडकोषाच्या कातडीतून मुरते. तळपायातून मात्र सातवा हिस्सासुद्धा नाही. म्हणजे तळपायाला जे मलम जेमतेम पुरावे, ते मी शरीरातल्या एका अतिशय पातळ पडद्यावर आठ महिने थापीत होतो. कातडी पातळ होऊन त्या मलमाची बटीक झाली होती. "2018 पासून अशी मलमं चिठ्ठीवाचून विकायला केंद्र सरकारची मनाई आहे," ती म्हणाली, "पण आपल्याकडे चिठ्ठीची लाज वाटते ना!"

मग तिने जे सांगितले ते इतके साधे होते, की दहा महिने मी नेमके त्याच्या उलट वागलो याचे आश्चर्य वाटावे. त्या जागी साबण नाही, जंतुनाशक नाही, पावडर नाही, लिंबू तर नाहीच. कोमट पाणी, टिपून कोरडे करणे, आणि लगेच बिनवासाचे पांढरे पेट्रोलियम जेली. सैल सुती कपडे, पावडरीत भिजवले की दोनदा स्वच्छ पाण्यातून काढलेले. नखे कापलेली. खाज आली तर नखाऐवजी गार पाण्याची घडी. कारण खाजवले की कातडी जाड होते, जाड झाली की जास्त खाजते, आणि हे चक्र रोगाचे मूळ कारण गेल्यावरही फिरत राहते. औषध म्हणून एक सौम्य मलम, तेही पातळ, मोजून पंधरा दिवस. त्यापुढे स्टेरॉइड नसलेले दुसरे. रक्तातली साखर एकदा पाहून घ्यायची, कारण मधुमेह कधी कधी अशा खाजेनेच प्रथम दारावर टकटक करतो. जुनी ट्यूब थांबवल्यावर पहिले काही आठवडे आग वाढेल. घाबरून पुन्हा तिच्याकडे धावायचे नाही. "आणि सर, इसब घालवायचा नसतो, सांभाळायचा असतो. पुन्हा येईल. आला की लपवू नका."

एक्झिमा हा शब्द मुळात ग्रीक. उकळून उतू जाणे असा त्याचा अर्थ. आपले वैद्य ज्याला विचर्चिका म्हणत आले तोच हा, असे मानतात. हे ज्ञान मी तिला ऐकवले. कारण गुरूलाही काही तरी परत द्यावेसे वाटते. तिने ते हसून ऐकले आणि जाता जाता विचारले, "घरात आणखी कोणाला खाज?"

"छे छे," मी म्हणालो, "कोणालाही नाही."

घरी आलो तो हलका होऊन. ट्यूब फेकून द्यावी म्हणून शब्दकोशामागे हात घातला. आठवड्यापूर्वी आणलेली नवी ट्यूब अर्ध्याहून अधिक भरलेली असायला हवी होती. ती शेपटीपासून तोंडापर्यंत पिळलेली, चपटी माझ्या हातात आली.

मी ती हातात धरून खुर्चीवर बसलो. कपाटापाशी घुटमळणारा मुलगा डोळ्यांपुढे आला. सोडलेली कबड्डी आठवली. कबड्डीची अर्धी चड्डी आठवली. आणि रक्तातली भाषा कुठे जाते म्हणून मी खूश झालो होतो तेही आठवले.

रात्री तो गच्चीवर अभ्यास करीत होता. मी शेजारी जाऊन बसलो. एरवी मी तासभर न थांबता बोलू शकतो. तिथे पाच मिनिटे पाण्याच्या टाकीकडे पाहत राहिलो. त्याला विचारावे, तर तो 'नाही' म्हणेल, हे मला ठाऊक होते. मीही दुपारी तेच म्हणालो होतो. शेवटी मी म्हणालो, "मला जांघेत इसब झालाय. दहा महिने झाले. आज डॉक्टरांना दाखवला."

त्याने पुस्तक मिटले नाही. पुस्तकाकडेच पाहत म्हणाला, "मलापण, बाबा."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे त्याच गाडीने गेलो. त्याच्या काचेवर मात्र तंतूच तंतू होते. त्याला इसब नव्हता. त्याला नायटा होता. घामाने भिजलेले कपडे, मैदानावर एकमेकांचे वापरलेले टॉवेल, अशातून तो लागला असावा. बापाची ट्यूब त्याने पाहून ठेवलेली. बाप लावतो त्या अर्थी चांगलीच असणार. पण नायट्यावर जबर स्टेरॉइड लावले, की लाली आणि खाज दबते आणि खाली बुरशी निवांत पसरते. ओळखूही येईनाशी होते. गेली काही वर्षे आपल्या देशात हा नायटा एवढा हट्टी झाला आहे, की नेहमीच्या गोळीला दाद न देणाऱ्या एका बुरशीला जपानी संशोधकांनी 2020 मध्ये 'ट्रायकोफायटॉन इंडोटिनी' असे नावच दिले. त्या नावात भारताचे नाव आहे. 2023 मध्ये ती न्यूयॉर्कच्या रोग्यांतही सापडली. तिच्या या हट्टीपणाला आपल्या या एका नळीतल्या मलमांचा हातभार लागला आहे, असे त्वचारोगतज्ज्ञ सांगत आले आहेत.

मुलाला अनेक आठवडे गोळ्या घ्याव्या लागल्या. कपडे, टॉवेल, पांघरुणे वेगळी धुऊन कडक उन्हात वाळवली. घरातल्या सगळ्यांना तपासले. नायटा गेला. पण मांडीच्या आतल्या बाजूला, कातडी ताणून फाटावी तशा, बोटभर लांबीच्या जांभळट रेषा उमटल्या होत्या. त्या कशाच्या, हे त्याने विचारले. मलमाच्या, असे डॉक्टरबाईंनी सांगितले. "फिक्या होतील. पण पूर्ण जाणार नाहीत." हे सांगताना तिने माझ्याकडे पाहिले नाही, याबद्दल मी तिचा ऋणी आहे.

त्या आठवड्यात आईला सगळे सांगितले. आई पंचाहत्तरीची. ऐकून म्हणाली, "तुझ्या वडिलांनाही होतं हे. कधी बोलले नाहीत. धोतरावरून मला कळायचं." मी विचारले, "मग तू का नाही बोललीस?" ती म्हणाली, "आमच्या वेळेला असलं बोलत होते का?" थोडा वेळ थांबून म्हणाली, "आणि बायकांनी तर नाहीच." त्या शेवटच्या वाक्याने मी चरकलो. हिला सांगून पुढच्या फेरीला आईलाही अकोल्याला नेले. सुदैवाने तिचे किरकोळ निघाले, कोरडेपणाची खाज. पण उतारवयातल्या स्त्रियांना त्या जागी पांढरट, खाजरे चट्टे उठतात, त्यांतला एक प्रकार तसाच सोडला तर क्वचित पुढे कर्करोगापर्यंत जाऊ शकतो, आणि वेळीच दाखवला तर मलमाने आटोक्यात राहतो, हे मला तेव्हा कळले. किती घरांतून किती आया नुसत्या माना खाली घालून अर्थ लिहून घेत असतील!

आमच्या गल्लीत एक वृद्ध वारकरी आहेत. गजानन महाराजांच्या पालखीबरोबर ते शेगावहून पंढरपूरपर्यंत पायी जाऊन आलेले. एकदा ओट्यावर बसलो असता मी त्यांना विचारले, एवढे चालताना मांड्या घासत नाहीत का? ते म्हणाले, "सोलल्या त सोलल्या म्हनाव, सर. बाजूच्याले खोबऱ्याचं तेल मांगाव. लाजलं त पंढरपूर कसं गाठाव?" भाषेची पदवी माझ्यापाशी आहे, भाषा त्यांच्यापाशी आहे.

माझा इसब अजून आहे. हिवाळ्यात निजतो, वैशाखात डोके वर काढतो, पेपर तपासण्याच्या दिवसांत हमखास येतो. तो आला की मी जेवताना सांगतो, "आला बरं का!" आणि ही गार पाण्याची घडी आणून ठेवते. मच्छरदाणी एका गरजूला देऊन टाकली.

मुलगा त्याच वर्षीच्या पावसाळ्यात पुन्हा कबड्डीला गेला. मी त्याला जा म्हटले नव्हते, आणि आळशीही म्हटले नव्हते. पहिल्याच दिवशी एका मुलाने त्याच्या मांडीकडे बोट दाखवून विचारले, "हे काय बे?" तो म्हणाला, "चुकीचं मलम लावलं होतं. तू लावू नको. डॉक्टरला दाखव." हे मला त्याने सांगितले नाही, तो विचारणारा मुलगा माझ्या वर्गात आहे, त्याने तास संपल्यावर थांबून सांगितले. आणि मग इकडेतिकडे पाहून, आवाज खाली आणून, मला त्या अकोल्याच्या डॉक्टरबाईंचा पत्ता विचारला.

परवा दिवाळीच्या सामानाची यादी झाली. हिने लिहिले, 'उटणे: दोघींपुरते.' त्याखाली चिरंजीवांनी आपल्या अक्षरात भर घातली, 'बाबांना आणि मला बिनवासाचा साबण, व्हॅसलीन मोठी डबी एक.' ती यादी आल्यागेल्याला दिसेल अशी स्वयंपाकघराच्या दारावर लावलेली आहे. काल शेजारच्या काकूंनी ती पूर्ण वाचली. मला वाटले, आता काही तरी विचारणार. त्यांनी विचारले, "डबी केवढ्याला पडते हो सर? आमच्याकडेही हवी होती."